शेजारचा गायला लागला तर

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रागावतेस, मी फोन ठेवून देतो, आणि मग दोघंही दिवसभर तोंड पाडून बसतो. म्हणून हे पत्र. पत्र मधेच कापता येत नाही. अक्षर वाकडं आहे, पण माणूस सध्या सरळ आहे.

बाबांना सांग, मी इथे उनाडत नाही. गाणाऱ्यांच्या एका मंडळाकडे कामाला आहे. माणसं थोडी, पण गाणं हाच त्यांचा धंदा, पगार घेऊन गातात. वाद्य एकही नाही, नुसते गळे. गाणीही आत्ताच्या, हयात माणसांनी रचलेली. एक गाणं तर नुसतं फुंकायचं आहे. सगळे मिळून वाऱ्यासारखे फुंकतात आणि लोक तिकीट काढून ऐकतात! पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. आता तालीम थांबली की मलाच चुकल्यासारखं होतं.

मी व्हॅन चालवतो, त्यांना उभं राहायला लाकडी पायऱ्या मांडतो, खुर्च्या लावतो, आणि हळू गाणं आलं की पंखे बंद करतो. पंख्याची घरघर त्यांना खपत नाही. सध्या कच्चा आहे. पुढच्या कार्यक्रमानंतर मॅनेजरबाई ठरवणार, पक्कं करायचं की नारळ द्यायचा.

आत्या, मला इथून पळावंसं वाटत नाहीये. असं मी पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा कागद जपून ठेव.

घरी सगळ्यांना नमस्कार, तुला जास्त. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझा,
भिंगरी


ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद, रागासकट.

तुझं पत्र तुझ्या बापाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो कुणाच्या तरी शिलाई मशीनचं चाक मांडीवर घेऊन ऐकत होता. फुंकण्यापाशी आले तेव्हा म्हणाला, पंखे बंद करायचाही पगार मिळत असेल तर उद्या हा झोपायचाही मागेल. हसलास ना? मीही हसले. पुढचं मात्र हसण्यासारखं नाही.

बेकरी सोडलीस, रंगकाम सोडलंस, गॅरेजातून तर चहाला म्हणून गेलास तो परत फिरकलाच नाहीस. बाप म्हणतो, जरा काही बिनसलं की हा मागच्या दाराने सटकतो. दुरुस्तीच्या दुकानात तुझी जागा त्याने अडवून ठेवली आहे. चुलतभाऊ मागतोय, त्याला देत नाही. महिनाअखेर स्वतः येऊन तुझी मानगूट धरून आणीन म्हणतो. मी मधे पडले. म्हटलं, आधी मी डोळ्यांनी बघून येते. मी सांगेन ते तो ऐकणार आहे, एवढं कबूल करून घेतलंय. तेव्हा तुमच्या त्या कार्यक्रमाला येते. खुर्ची चांगली ठेव, पाठ दुखते.

जेवत जा. मायेत कमी पडणार नाही, तू वागण्यात पडू नकोस.
तुझी आत्या


ता. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न.

घाईत लिहितोय. खुर्ची साधीसुधी नाही, अख्ख्या हॉलमधली सगळ्यात भारी ठेवली आहे, अगदी मधोमध. तालमीच्या वेळी मी तिथे बसून पाहिलंय. आवाज थेट बरगड्यांत शिरतो. कसा ते सांगता येत नाही. आमचे हातवारेवाले साहेब आहेत, समोर उभं राहून मंडळींना गायला लावतात ते, त्यांनी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप घातलंय.

फोन बंद ठेव. गाणं संपलं असं वाटलं तरी साहेबांचे हात पुरते खाली येईपर्यंत टाळी वाजवू नकोस. आणि मधे बोलू नकोस. हे शेवटचं तुला जड जाईल, माहीत आहे.

वाट बघतो. माया पोटात ठेव, ओठांवर येऊ देऊ नकोस.
भिंगरी


ता. २४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. या वेळी मोजकेच.

तू मला हॉलमध्ये बसवलंस की दवाखान्यात? स्टेज रिकामं. ते साहेब तेवढे आमच्याकडे तोंड करून उभे. त्यांनी हात उचलला मात्र, माझ्या शेजारचा ताडमाड माणूस तोंड मिटून कण्हायला लागला. मी हळूच विचारलं, पोटात दुखतंय का. त्याने मान हलवली आणि आणखी जोरात कण्हला. मला वाटलं, कफ अडकलाय. पर्समधून खोकल्याची गोळी काढली. तिच्या कागदाची इतकी चरचर झाली की पुढची रांग वळून बघायला लागली. तेवढ्यात त्याने आ वासला, मी गोळी आत टाकली. यात माझं काय चुकलं? तोंड त्यानेच उघडलं होतं.

तो खोकत सुटला. इकडे दुसऱ्या बाजूची बाई कण्हायला लागली, मग मागून कुणीतरी, मग पार कोपऱ्यातून. माझी खात्रीच झाली की कुठेतरी गॅस गळतोय. उभी राहिले आणि सगळ्यांना खणखणीत आवाजात बजावलं की आधी खिडक्या उघडा. आणि लोक उठले रे! चांगले कपडे घातलेले लोक मुकाट्याने उठून खिडक्या उघडायला लागले. एकाने तर डोळे पुसले. बाहेरून बसचा हॉर्न आत आला. मग त्या ताडमाड माणसाने गोळी गालात धरून असा खोल सूर लावला की माझी खुर्ची थरथरली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पर्स उचलली ती थेट बसमध्ये येऊन बसले. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

तुझा बाप रोज विचारतो, काय पाहिलंस. घसा बसलाय अशी खूण करून गप्प बसते. घरात इतकी शांतता आहे की तो डॉक्टरला बोलवायच्या गोष्टी करतोय. माझ्यामुळे तुझी नोकरी गेली का रे? आणि खरं सांग, तू अजून तिथेच आहेस ना?

काळजीत,
तुझी आत्या


ता. २ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तिथेच आहे.

साहेबांनी कुलूप घातलेलं गाणं ते हेच. गाणारे साध्या कपड्यांत लोकांमध्ये मिसळून बसलेले, आणि नेमकं दोघांच्या मधे मी तुला बसवलं. तिथे सगळ्यात छान ऐकू येतं एवढंच माझ्या डोक्यात होतं. लोकांना तर खिडक्याही गाण्यातल्याच वाटल्या. टाळ्या थांबेनात. पण ज्या बाईंनी गाणं रचलं त्या रडकुंडीला आल्या. त्यांनी एवढी जपून बांधलेली शांतता, आणि तीत बसचा हॉर्न!

स्टेजमागे सगळे जमले. बाई विचारत होत्या, कुणी केला हा चावटपणा. साहेब गाणाऱ्यांवरच घसरले, त्यांच्यातल्याच कुणीतरी ती बाई पढवून बसवली म्हणाले. मागचं दार माझ्या हाताशी होतं, पायऱ्या बाहेर काढायला मीच उघडलेलं. आत्या, पाय तिकडे वळलेही. पण उगाच त्या गरिबांवर आळ. मी पुढे होऊन सांगितलं, ती माझी आत्या, आणि खुर्चीही मीच दिली. मग जी बोलणी खाल्ली ती तुझ्या बोलण्यांच्या वरताण. तुझा पेशंट मात्र मधेच म्हणाला की घसा सकाळपासून खरंच धरला होता, आणि त्या गोळीवाल्या बाईंशिवाय कुणी विचारलं नव्हतं.

मॅनेजरबाईंनी मला पक्कं केलं, एक काम वाढवून. आता त्या गाण्याआधी मी स्टेजवर उभा राहून लोकांना सांगतो, की शेजारचा गायला लागला तर घाबरू नका, तो ठणठणीत आहे, त्याला औषध देऊ नका आणि खिडक्यांना हात लावू नका. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लोक हसले, मग आपोआप गप्प झाले. खिडक्यांचं ऐकून काहींचे चेहरे पडले.

आता घसा मोकळा कर. लोभ इतका दाखवलास की आता थोडा घरीही ठेव.
तुझा,
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, रागावाचून.

घसा सुटला. बापाला सगळं वाचून दाखवलं. गोळीपाशी तो इतका हसला की हातातला स्क्रू घरंगळला, अजून सापडलेला नाही. दाराचं मात्र पुन्हा वाचायला लावलं. दार खरंच उघडं होतं का, म्हणाला. मी म्हटलं, सताड.

 दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाला बोलावून तुझ्या जागेवर बसवून टाकलं. आता येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतो की मुलगा पक्का झाला. ते विचारतात, कसलं काम? म्हणतो, सगळ्यांसमोर उभं राहायचं. ते म्हणतात, एवढंच? तर मशीनला तेल घालत म्हणतो, करून बघा.

माया आहे तिथेच आहे, तूही आहेस तिथेच राहा.
तुझी आत्या