तपासलेले स्प्रे

३ मार्च
उद्यापासून गल्लीला शहाणं करायचं. कारण घरातच आहे. पाठीच्या ऑपरेशनपासून दिराला दुखण्यावरच्या जबर गोळ्या चालू आहेत, अफूच्या जातीतल्या. कळ आली की डॉक्टरला न विचारता एक जास्तीची घेतो. सांगून सांगून जीभ झिजली. गोळी जास्त झाली तर श्वास मंदावतो, थांबतोसुद्धा. त्यावर उतारा नालोक्सोन. नाकात स्प्रे मारायचा, अँब्युलन्स बोलवायची. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ट्रेनिंग ठेवलं होतं. मी मध्यंतरातच उठले. मुद्दा कळल्यावर बसून काय करायचं? पुढचा वर्ग मीच घेते म्हणाले आणि खोकाभर स्प्रे घेऊन आले.

५ मार्च
वाचनालयाच्या हॉलमध्ये पहिला वर्ग. प्रस्तावनेतच गल्लीतला न्हावी जांभया देऊ लागला. उभं केलं. म्हणतो, ताई, गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलंय, स्प्रे कसा मारायचा तेवढं सांगा. आधी थिअरी, असं सुनावलं. नणंद मागून म्हणाली, वहिनी, तुमची प्रस्तावना संपेपर्यंत माणूस निळा पडून गारही होईल. सगळे हसले. घरचीच माणसं अशी, तर बाहेरच्यांना काय बोलायचं!

६ मार्च
न तपासता वस्तू वाटणं माझ्या तत्त्वात बसत नाही. प्रत्येक स्प्रे एकदा दाबून पाहिला. सगळ्यांतून झकास फवारा उडाला. परत बंद करून वर चिठ्ठी डकवली: ‘तपासले’. खाली सही.

८ मार्च
घरोघरी वाटप. न्हाव्यानं विचारलं, किती वेळा दाबायचा? म्हटलं, शुद्धीवर येईपर्यंत. इतकं साधं कळू नये?
एक स्प्रे दिराच्या खोलीत ठेवला. तो म्हणाला, वहिनी, मला मारायच्या आधी विचारा बरं. थट्टा सुचते.

११ मार्च
दुपारी चहा घेऊन गेले, तर दीर खुर्चीत कलंडलेला. ओठ निळे. हाक मारली, हलवलं, ओ नाही. स्प्रे नाकात घालून दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. पुन्हा. नणंदेनं फोन लावला, त्याला जमिनीवर आडवं केलं आणि तोंडानं श्वास देत राहिली. मी दाबतच होते. अँब्युलन्सवाल्यांनी त्यांचा स्प्रे मारला. एकदाच. थोड्या वेळानं दिरानं डोळे उघडले.
माल सदोष निघाला. तक्रार करायची.

१२ मार्च
तक्रार आणि तो स्प्रे घेऊन नर्सबाईंकडे गेले. त्यांनी चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, मावशी, यात एकच डोस असतो, एकदाच दाबायचा. हे मध्यंतरानंतर सांगितलं होतं.
मध्यंतरानंतर महत्त्वाचं सांगणं ही मुळात अध्यापनातली चूक आहे. हे त्यांना सांगणार होते. सांगितलं नाही.
परत येताना घरोघरी जाऊन रिकामे स्प्रे गोळा केले. कारण विचारलं तर ‘सुधारित आवृत्ती येते आहे’ म्हणाले. नवे स्प्रे नर्सबाई स्वतः वाटणार आहेत.

१४ मार्च
दीर हॉस्पिटलातून घरी आला. नणंदेनं नवा स्प्रे त्याच्या उशाशी ठेवला आहे. वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: ‘वहिनी सोडून कुणीही वापरावा.’
दोनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. त्यामुळे बोलायला काही उरलं नाही.