सहा पब आणि एक सरळ पट्टी

९ ऑक्टोबर १९२३, मंगळवार

झालं! जगातल्या सगळ्या अडचणी मिटल्या असाव्यात, कारण आज 'ब्लॅक लँब'मध्ये आपल्या खोऱ्यातल्या सहा पबांची स्किटल्स लीग स्थापन झाली. लाकडी पट्टीवरून चेंडू लोळवून टोकाचे नऊ खुंट पाडायचे – एवढ्यासाठी अध्यक्ष, चिटणीस आणि बावीस नियम! चिटणीस अर्थातच हॅलेट मास्तर. बायकांनी खेळायचं नाही, हा नियम चौथा. बायकांनी पाव, चीज आणि लोणच्यातले कांदे पुरवायचे, हे लिहायचीसुद्धा गरज पडली नाही.

'लँब'च्या संघात पहिलं नाव एनॉकचं. माझा नवरा! ज्याला काल समोरची बशी दिसली नाही! घरी येऊन मी ओरडले. तो म्हणाला, "लेटी, नाही म्हटलं तर का नाही, ते विचारतील."

विचारतीलच. मग डेअरीच्या मालकांच्या, पॅडफिल्ड साहेबांच्या कानावर जाईल. आंधळ्याच्या हाती दुधाची गाडी कोण देतं? आणि गाडी गेली की डेअरीचं हे घरही गेलं. सध्या रस्ता बेस घोडीच बघते. हा नुसता लगाम धरून बसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२६ ऑक्टोबर

पहिला सामना घरच्याच पट्टीवर. जिंकलो. खुंटांवर टांगलेला दिवा तेवढा त्याला धूसर दिसतो. आमची पट्टी डावीकडे ओढते, म्हणून दिव्याच्या वीतभर उजवीकडे टाकायचं. वीस वर्षं तेच करतोय. टाळ्या काय, पाठ थोपटणं काय! मी कांदे वाढत होते.

२ नोव्हेंबर

'प्लाउ'च्या पट्टीवर एनॉकचा पहिला चेंडू थेट भिंतीवर. झालं, आता कळणार सगळ्यांना! पण मग आमच्या सगळ्यांचेच चेंडू भिंतीवर! 'प्लाउ'ची जमीन चुलीकडे उतरते आणि ते फक्त 'प्लाउ'वाल्यांना ठाऊक. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं! देवाचे आभार.

११ जानेवारी १९२४

लीग संपली. प्रत्येक पब घरी सगळे सामने जिंकला, बाहेर सगळे हरला. मास्तरांनी लाल शाईने तक्ता केला – सहा नावं, सहाही सारखी. आपण सगळे सारखे, हे सिद्ध करायला अडीच महिने लागले. चर्चमध्ये दर रविवारी फुकट सांगतात.

आता म्हणे निकाल लावायचा गावच्या नव्या सभागृहात. तिथली पट्टी कोणाच्याच घरची नाही. प्रत्येक पबचा सगळ्यात चांगला गडी, एकवीस चेंडू. 'लँब'चा गडी कोण, ते लिहायला हवं का?

१३ मार्च, गुरुवार

सभागृहाची जमीन घासायचं काम मी मागून घेतलं. मास्तर म्हणाले, "वा लेटी, खेळात रस घेतेस!" घेते तर! या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्यांवर घासली. बादली ओतली. पाणी जिथल्या तिथे राहिलं. दिवा बरोबर पहिल्या खुंटावर टांगून घेतला – उद्या येणाऱ्या वर्तमानपत्रवाल्याला नीट दिसावं, असं सांगून. मास्तर खूश.

"सरळ आहे," मी एनॉकला सांगितलं. "दिव्याखाली टाक."

"अशी पट्टी असते होय? कुठेतरी ओढत असणारच."

"माझे गुडघे सोलून निघालेत तिच्यावर. सरळ!"

१४ मार्च

असे शहाणे मी जन्मात पाहिले नाहीत. एक जण पोटावर आडवा होऊन फळ्या बघतोय, दुसरा बोट ओलं करून – वारा बघत होता की काय, देव जाणे. "उजवीकडे ओढते!" "हट्, डावीकडे!" सरळ पट्टीवर विश्वास ठेवायला एकही तयार नाही. पाचही जणांनी आपापल्या पबातलं वाकडेपण इथे आणलं.

एनॉकने डोळे मिटले तरी चाललं असतं. त्रेसष्ट खुंट! दुसरा आला तो एकेचाळीसवर.

पॅडफिल्ड साहेबांनी त्याला मिठीच मारली. "काय नजर आहे रे तुझी!" मी हसू आवरायला बाहेर गेले. हसता हसता रडायलाच लागले.

१५ मार्च

साहेब स्वतः दारात! डेअरीसाठी मोटार लॉरी घेतली आहे. कोणाच्या हाती द्यावी, ते ठरत नव्हतं. "काल ठरलं. अशी नजर घरात असताना बाहेर कशाला शोधू? सोमवारी सातला ये. मीच शिकवतो." बेसला विकणार.

एनॉक "उपकार झाले साहेब" म्हणाला. म्हणाला! नंतर मला म्हणतो, "रस्ता मला पाठ आहे, लेटी."

"रस्ता पाठ आहे. रस्त्यावरची माणसं पाठ आहेत का?"

"आता सांगायला गेलीस तर घर जाईल."

ते मला सांगायची गरज होती?

१७ मार्च, सोमवार

सहा वाजता साहेबांचं दार वाजवलं आणि सगळं सांगितलं. घराचं काय, ते नंतर कळवतो म्हणाले. परत आले तेव्हा एनॉक कोटाची बटणं लावून दारात उभा होता. मी कुठून आले, हे त्याला न सांगता कळलं. त्याने एकेक करून बटणं पुन्हा काढली.