सव्वाचारची शिट्टी

टी-कॉख, ता. ३० ऑक्टोबर १९९४

चि. मारेद हिस,

इदवालचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आज लिहितो आहे, रागावू नकोस. चार वेळा कागद घेतला, चारही वेळा शेगडीत घातला.

धबधब्याच्या वाटेवर आठ तारखेला फिरायला आलेला एक शिक्षक गेला, ते तुझ्या कानावर आलंच असेल. ओल्या खडकावरून घसरला, मांडीचं हाड मोडलं. सोबत बायको होती. आपल्या येस्टिनचं बचाव पथक गेलं. नदीकाठची वाट पाण्याखाली, म्हणून त्याने वरची, लांबची धरली. आठ जणांनी स्ट्रेचर उचललं, शंभर-शंभर पावलांनी खांदे बदलले, पण रस्ता यायच्या आत माणूस संपला. डॉक्टर म्हणे बोलून गेले की अर्धा तास आधी हाती लागता तर वाचला असता. झालं, येस्टिनने तो अर्धा तास स्वतःच्या माथी घेतला. पथकाचं लाल जाकीट खुंटीला आहे. बोलावणं आलं तरी उठत नाही. सूनबाई सांगते, ताटावर बसतो आणि नुसता ताटाकडे बघतो.

आता पुढचं वाच आणि पत्र जाळून टाक. त्या दिवशी सव्वाचारला मी चहाचं आधण ठेवत होतो. दरीतून शिट्ट्या ऐकू आल्या. वाटलं, शेजारचा टेकविन नव्या कुत्रीला मेंढ्या वळवायला शिकवतो आहे. कुत्री बहिरी की मालक खुळा, असं पुटपुटून मी खिडकी लावून घेतली. सहा शिट्ट्या, मिनिटभर शांत, पुन्हा सहा, ही मदतीची हाक. मी स्वतः बारा वर्षं पथकात नव्या मंडळींना हेच शिकवलं, आणि त्या दिवशी मोजलं नाही. सव्वापाचला कुणी वाटसरू धावत वर आला तेव्हा फोन झाला. टेकविन दिवसभर बाजारात होता, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

आता टेकविन खरंच कुत्रीला शिट्टी घालतो तेव्हा मी फाटकाशी जाऊन मोजत उभा राहतो. येस्टिनला सांगू की नको? त्याची आई गेल्यापासून मला तोच एक आहे. जीव थाऱ्यावर नाही. तू सांगशील तसं करीन.

तुझा,
इदवाल

अबेरिस्टविथ, ता. ३ नोव्हेंबर

ती. दादास,

मारेदचा शि. सा. नमस्कार. पत्र जाळलं नाही. तुझं सांगणं मी आजवर कधी ऐकलं आहे? कोंबड्या तीन-तीनदा मोजणारा माणूस तू, आणि नेमक्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. हे लिहिताना मला हसूही येत नाही, रडूच येतं.

दादा, वारा उलटा असला की दरीतला आवाज कुठूनही आल्यासारखा वाटतो. मीही तेच समजले असते. पण आता तू गप्प बसलास तर ते तुझं चुकणं राहणार नाही, तुझं करणं होईल. ते ओझं तुझं आहे आणि पोरगा वाहतो आहे. तो रागावेल. कदाचित फार. तरी सांग. पत्राने नको, समोर उभा राहून सांग. गुडघ्याला लोकरीचं फडकं बांधत जा. मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझी,
मारेद

टी-कॉख, ता. १५ नोव्हेंबर

चि. मारेद हिस,

अनेक आशीर्वाद. गुरुवारी सांगितलं. येस्टिन माझ्यासाठी कोळशाचं पोतं घेऊन आला होता. मी अंगणात उभा राहून एका दमात सगळं बोललो. त्याने एवढंच विचारलं, "किती वाजता, बाबा?" मी म्हणालो, सव्वाचार. तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. मग पोतं कोळशाच्या खोलीत नीट रिकामं केलं, सांडलेली भुकटी झाडून काढली, आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी चॅपलबाहेर टेकविनने सांगितलं की आदल्या दिवशी एका बाईचा घोटा मोडला, आणि स्ट्रेचरला सर्वांत पुढे येस्टिन होता, लाल जाकीट घालून. मी तिथेच टोपीत तोंड लपवलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला वारा झोंबला. तू म्हणालीस तेच खरं, ओझं माझंच होतं; पोरगा सुटला.

पण त्याची गाडी फाटकावरून जाते आणि वेग कमी होत नाही. कोळसा आता सूनबाई आणते. ती बिचारी हवापाण्याचं बोलते आणि निघते. मी खिडकी उघडी ठेवून बसतो. थंडी आत येते, येऊ दे.

तुझ्यावर त्याचा लहानपणापासून जीव आहे. तो तुला लिहील, नाहीतर येऊन बोलेल. माझ्याबद्दल जे म्हणेल ते गोड करून सांगू नकोस. तो जेवतो का, झोपतो का, तेही लिही. या घरी पुन्हा येणार नाही म्हणाला असेल तर तसंच लिही. मी वाचू शकतो. नुसतं वाट बघणं मला जमत नाही. दोन ओळी का होईना, उलट टपाली पाठव.

तुझा,
इदवाल