चोरीला न गेलेली इरकल

मी, उमादेवी उदगीरकर, मूळची गंगम्मा नागप्पा हुडगे, वय वर्षे एकसष्ट, धंदा नाटक-सिनेमात कामे करणे, राहणार लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा भुलावणीने नव्हे तर आपखुशीने लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात, माझे हृदय मोठे झाले आहे. मला ओळखणाऱ्यांचा यावर विश्वास बसायचा नाही.

हे लिहायचे दहा वर्षे मनात होते. चांगला वकील जिल्ह्याला, म्हणजे उस्मानाबादला, तिकडे जायचे तर दिवस मोडतो, असे म्हणत टाळले. गेल्या पंधरा ऑगस्टला लातूरच जिल्हा झाला, वकील गल्लीत राहायला आले, सबब संपली.

कलम १. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला बसवून माती द्यावी. उदगीरला वडिलांचे धान्याचे दुकान होते. सोळाव्या वर्षी मी मुक्कामाला आलेल्या नाटक कंपनीबरोबर पळाले, तेव्हा त्यांनी मुलगी वारली म्हणून गावजेवण घातले. गळ्यातले लिंग मात्र मी एकाही प्रयोगात उतरवले नाही. सीता असो की कलावंतीण, ते चोळीच्या आत असे. स्वामींनी आढेवेढे घेतले तर त्यांना हे सांगावे.

कलम २. रंगाची पेटी आणि दोन गंगावने उदगीरच्या मुलींच्या शाळेला, स्नेहसंमेलनासाठी. पेटीतला आरसा तडकलेला आहे. माझ्या टाळीच्या वाक्याला नेमका खोकणाऱ्या एका नायकावर मी तो फेकला होता. तो नायक वारला. त्याला मी अजून माफ केलेले नाही.

कलम ३. पोस्टातली रक्कम, पितळी भांडी व फोटो बहिणीचा मुलगा मन्मथ याला. बारा वर्षे त्याला मावशीचा पत्ता सापडत नव्हता. जिल्हा झाल्यापासून दर रविवारी येतो आणि माझी तब्येत विचारता विचारता भिंतींना हात लावून पाहतो. घर त्याला नाही.

कलम ४. डाळमिलच्या मागचे माझे दोन खोल्यांचे घर सरजाबाई पंढरी सोनकांबळे, राहणार लिंबवाडी, चाकूरजवळ, हिला द्यावे. कारण खाली लिहिते, ते एकही शब्द न गाळता तिच्या गावच्या चावडीपुढे वाचावे.

सन बहात्तरच्या दुष्काळात लिंबवाडीला पाझर तलावाचे काम निघाले होते. तिथे आमच्या सिनेमाचे चित्रीकरण चालू होते. मी आधी वहिन्या केल्या, मग आया केल्या. सगळा सिनेमा माझ्यावर असा हा पहिलाच, माती वाहणाऱ्या बाईचा. कपडेपटातले लुगडे कात्रीने फाडलेले, ते कळून येई. तलावावर खरोखर माती वाहणाऱ्या सरजाबाईच्या अंगावरचे ठिगळांचे लुगडे मला हवे झाले. बदल्यात मी माझी गर्भरेशमी इरकल दिली. तिने दोनदा विचारले, "बाई, पुना मागणार न्हाई ना?" मी हसले.

तिच्याकडे दुसरे लुगडे नाही, हे माझ्या डोक्यातच आले नाही. ती इरकल नेसूनच मातीकामावर आली.

इरकल मला निर्माते शेठ यांनी सोलापूरहून आणली होती. का आणली, ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी मुकादम सरजाबाईला धरून माझ्या राहुटीपुढे आला. शेठ तिथेच बसले होते. त्यांनी मला विचारले, "ही साडी हिच्याकडे कशी?"

सरजाबाई म्हणाली, "सांगा की बाई यान्ला, तुमी दिली म्हून."

शेठचा पुढचा सिनेमाही मलाच मिळायचा होता. मी म्हणाले, "दांडीवरची चोरीला गेली होती."

तिथल्या तिथे तिची साडी सोडवून घेतली. तिचे लुगडे तर माझ्या अंगावर. एका बाईने आपल्याच पातळाचा अर्धा भाग फाडून दिला, तो गुंडाळून ती गेली. हजेरीपटावरचे नाव कापले, नावाबरोबर कामावर खायला मिळणारी रोजची सुकडी गेली. मी त्याच लुगड्यात कॅमेऱ्यापुढे उभी राहिले. त्या कामाला मला बक्षीस मिळाले. पेपरवाल्यांनी लिहिले, बाईंच्या डोळ्यांत खरे दुःख आहे. ती लाज होती.

पुढे नांदेडला प्रयोगासाठी जाताना एस.टी. चाकूरला थांबली की मी खिडकी सोडून आत सरकत असे. दहा वर्षांत एकदाही खाली उतरले नाही.

म्हणून जाहीर करते की ती साडी मी माझ्या हाताने दिली. सरजाबाईने चोरी केली नाही. खोटे मी बोलले. हे मी मेल्यावर वाचायला सांगते आहे, यातही भित्रेपणा आहे.

दुरुस्ती. वरील मजकूर झाल्यावर नाव-गाव पक्के करायला भुजंगराव वकिलांनी कारकून लिंबवाडीला धाडला. आज सकाळी त्याच्याबरोबर सरजाबाई स्वतःच आली. वकिलांनी तिला कलम चार वाचून दाखवले. माझी मान वर होईना. पाणी पुढे केले, तिने घेतले नाही.

म्हणाली, "कुनाच्या बी लग्नात आहेराच्या साड्या ठिवलेल्या खोलीत मला जाऊ देत न्हाईत. धा वर्सं झाली."

मी माफी मागितली.

"ते ऱ्हाऊ द्या. घर लेकीच्या नावानं करा, तिला लागंल. मला साक्षीला धरा."

वकील म्हणाले, घर लेकीला आणि साक्ष आईची, मन्मथ उद्या कज्जा करील.

"करू द्या. चोरटीची साक्ष कोन घेत न्हाई, वकीलसाहेब. म्हून तर म्हनलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् मेल्यावर कशाला वाचायचं? आज एस.टी. हाय की."

वकिलांनी कज्ज्याच्या भीतीने आणखी दोन साक्षीदार घेतले आहेत. कलम चारमध्ये सरजाबाईऐवजी तिची मुलगी महानंदा असे वाचावे. कलमाचा मजकूर मी स्वतः, उभी राहून, जमलेल्या लोकांसमोर वाचला. दोनदा वाचला, कारण मागच्या बायांना पहिल्यांदा ऐकू गेले नाही.

सही: उमादेवी उदगीरकर ऊर्फ गंगम्मा नागप्पा हुडगे

साक्षीदार:
१. सरजाबाई पंढरी सोनकांबळे, डाव्या हाताचा अंगठा
२. शरणप्पा कोरे, निवृत्त शिक्षक, लातूर
३. मारोती गायकवाड, कोतवाल, लिंबवाडी

ठिकाण: ~~लातूर~~ लिंबवाडीची चावडी
तारीख: २१ मार्च १९८३