रुचिराचा पिसारा

नोएडा,
शुक्रवार

प्रिय आई,

सोबत रुचिराचा मोराचा पिसारा पाठवते आहे. टॅक्सीवाल्याला बजावलंय, त्याच्यावर काही ठेवू नका म्हणून. तुमच्या प्रफुल्लशी घटस्फोट होऊन वर्ष झालं, तरी तुम्हाला आईच लिहिते आहे. दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही.

गेल्या रविवारी रुचिरा माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. शाळेच्या वार्षिक समारंभात ती मोर होणार आणि बाजारातून आणलेला पिसारा पाठीवर चढवला की लगेच मान टाकत होता. उलटा करून पाहिला, तर पुढून सगळी झगमग आणि मागे मिठाईच्या खोक्याचा असतो तसला पातळ पुठ्ठा, त्याला स्टेपल मारलेलं इलॅस्टिक. "मम्मा, ये तो स्टेज पे ही गिर जाएगा," म्हणाली. मी म्हटलं, आधी मराठीत रड, मग दुरुस्त करते. तेव्हा कुठे हसली.

पिसं एकेक सोडवली. हलक्या पण ताठ सनबोर्डचे दोन थर कापून मधे बांबूच्या कामट्या घातल्या, मागून जुन्या पडद्याचं जाड कापड चिकटवलं. माझ्या ऑफिसच्या बॅगेचे पट्टे उसवून त्याला शिवले. माप घ्यायला तिला पाठमोरी उभी केली आणि हात थांबलाच माझा. खांदे केवढे झालेत, आई! लग्न होऊन मी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या तुमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले तेव्हा ती तीन वर्षांची होती, तिची जन्मदाती आई जाऊन वर्ष झालेलं. माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपायची. तुम्हीच म्हणालात, "समता, आता ही तुझी." वकील मात्र म्हणाले, मॅडम, कागदावर तुम्ही तिच्या कोणीच नाही. महिन्याचे दोन रविवार मिळायचे तेही प्रफुल्लच्या भलेपणामुळे. त्याला मी वाईट म्हणणार नाही. आमचं जमलं नाही, एवढंच.

कमरेचा पट्टा आधी बांधा, मग खांद्यांचे. हात वर केल्यावर काखेत काचतं का, तेवढं बघा. ती स्वतःहून सांगायची नाही.

काल प्रफुल्लचा फोन आला. पुढच्या महिन्यात तो लताशी लग्न करतोय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. समारंभाला लता येणार, रुचिराला तिची सवय व्हायला हवी. "तू नको येऊस, समता. रविवारही आता बंद करूया," म्हणाला. मी बरं म्हटलं. पण रुचिराला मी शब्द दिलाय, पहिल्या रांगेत बसेन म्हणून.

ती मला शोधेल, मग तुम्हाला विचारेल. पप्पांनी नको म्हटलं, हे तिला कधीही कळू देऊ नका. तिला त्याच घरात वाढायचंय, लताशी जुळवून घ्यायचंय. सांगा, समताला सुट्टी मिळाली नाही. पुढच्या रविवारीही मिळाली नाही, त्याच्या पुढच्याही. चिडेल, खोटारडी म्हणेल मला. म्हणू दे. तेव्हा तुम्ही माझी बाजू घेऊ नका, आई. एवढं मागायलाच हे पत्र लिहिलं.

तुमचीच,
समता