हात जिथे पोचला तिथे

४ मार्च

झालं! व्यायामवाल्या बाईंच्या वेबपेजवरचा चित्रातला माणूस आज हलला. 'सुरू' दाबलं की दोन सेकंद थांबतो — तेवढ्यात पेशंटने नीट बसून घ्यायचं — आणि मग टेबलावरचा हात सावकाश डोक्यावर नेतो. ऑफिसात मीच टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी मान वर केली नाही.

हे काम मी मागून घेतलं ते बाबांसाठी. अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले, उजवा हात मांडीवर पडून असतो. चाळीस वर्षं शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या या माणसाने! आता शर्टाची बटणं आई लावते. बाई आठवड्यातून दोनदा घरी येतात, पण एरवी बाबा व्यायामाचं नाव काढत नाहीत. चित्र समोर असलं तर करतील. हात डोक्यावर गेलाच पाहिजे. मला दुसरं काही नको.

५ मार्च

घरी लॅपटॉपवर दाखवलं. बाबांनी दोनदा पाहिलं. "हा आधी हात लोंबकळत ठेवतो आणि मग एकदम टेबलावर उडवतो. मला असा उडवता आला असता तर बाईंना कशाला बोलावलं असतं?"

खरंच की! दिवसभर डोळे फोडून आम्हाला कोणाला दिसलं नव्हतं. थांबायच्या त्या दोन सेकंदांत चित्र मूळच्या रूपात राहतं, हात खाली सोडलेला. टेबलावरचा हात दिसतो तो हलणं सुरू झाल्यावरच. कोडमध्ये एक शब्द लिहायचा राहिला होता — 'बॅकवर्ड्‌स', म्हणजे हलण्याआधीही सुरुवातीचीच स्थिती धरून ठेव. लिहिला, आणि माणूस पहिल्यापासून टेबलावर हात ठेवून बसला. बाबा म्हणाले, "आता माणसात आला."

८ मार्च

घात केला मी.

ऑफिसातून आले तर आई बाबांचा खांदा शेकत होती. चित्रातला माणूस हात वर नेतो, आणि हलणं संपलं की क्षणात मूळ रूपात परत — हात धाडकन खाली! बाबांनी डाव्या हाताने उजवा उचलून धरला होता. "त्याने टाकला, म्हणून मीही टाकला." बाई आल्या, चिडल्या. वर नेण्यापेक्षा खाली आणताना जास्त जपायचं असतं म्हणे.

ते खाली आपटणं मला दिसलं होतं! साहेब म्हणाले होते, "शेवटपर्यंत कोण बघत बसतंय?" मीही मान डोलावली. माझ्याच घरात बघत बसतात!

मी रडायला लागले तर बाबाच माझी समजूत घालायला लागले. "अगं, अक्षर चुकलं की पुसायचं आणि पुन्हा काढायचं. त्यात काय एवढं?"

९ मार्च

'बॅकवर्ड्‌स' काढून 'बोथ' लिहिलं. आता सुरुवातही धरून ठेवतो आणि शेवटही. हात जिथे पोचला तिथेच राहतो.

१० मार्च

दुपारी ऑफिसात आईचा फोन. "अगं, हे हात खालीच आणेनात! दमलेत, पण ऐकत नाहीत." मागून बाबांचा आवाज — "चित्रातला आणत नाही, मी कसा आणू? परवा ऐकलंस ना बाईंचं!"

"बाबा, आणा खाली! हळूहळू!" मी ओरडले. अख्खं ऑफिस हसलं. मीही हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

संध्याकाळपर्यंत दुसरी हालचाल जोडली. पहिली जिथे थांबते तिथूनच सुरू होते आणि हात सावकाश टेबलावर आणते. साहेबांना म्हटलं, हे झाल्याशिवाय पेज बाईंकडे जाणार नाही. निमूटपणे हो म्हणाले.

१७ मार्च

बाबा दोन वेळा व्यायाम करतात, न सांगता! मी शेजारी कवायतीच्या मास्तरासारखी उभी. "अजून वर, बाबा! अजून थोडा!" घाम येतो, ओठ आवळतात, पण नाही म्हणत नाहीत. आज म्हणाले, "दुपारी कानापर्यंत गेला होता. तू नव्हतीस." आई उठून स्वयंपाकघरात गेली.

कानापर्यंत! मी नाचायचीच बाकी होते.

१८ मार्च

ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

२६ मार्च

माझ्यासमोर हात अजून खांद्याच्या वर गेला नाही. काल जरा जोरातच बोलले — "मनावर घ्या ना, बाबा!" नंतर वाईट वाटलं. पण मनावर घेतल्याशिवाय काय होतं?

२ एप्रिल

बाईंना सोडायला फाटकापर्यंत गेले. विचारलं, "डोक्यावर कधी जाईल?"

बाई चपलेचा पट्टा उगाच सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो खांद्याच्या वर जाणार नाही. पेज सगळ्या पेशंटसाठी आहे, पण तुझ्या बाबांना मी फेब्रुवारीतच स्पष्ट सांगितलं होतं."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, 'पोरीला एवढ्यात सांगू नका. त्या चित्राचं काम मिळाल्यापासून ती दोन घास जेवायला लागली आहे.'"