पॅसेजची भिंत

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. रीत म्हणून लिहिले, मनातून एकही आशीर्वाद दिलेला नाही.

मी दिवसभर शाळेत, आणि तू पाहुणा म्हणून येऊन माझ्या पॅसेजची भिंत बिघडवून पसार झालास. पांढऱ्या रंगात वाळू आणि लाकडाचा भुसा कालवून घरच्या घरी जे फासलंस, त्याला तू टेक्श्चर म्हणतोस म्हणे! मला ती किसणी वाटते. जाता-येता घासून माझी बाही उसवली. आईला दिसत नाही. तिचा तळहात सोलवटला तर मलम कोण लावणार? आणि माझी पिठाची चाळणी कुठे आहे?

आईला विचारलं तर म्हणाली, राहू दे ना. तुला पाठीशी घालायची तिची सवय जुनीच. रंगारी येतोय, सगळं घासून गुळगुळीत करणार.

लोभ होता तेवढा पुरे.
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. तू आशीर्वाद राखून ठेवलेस, मी नमस्कार पुरता घालतो.

आधी रंगाऱ्याला थांबव, मग शिव्या घाल. आई भिंतीला हात लावून चालते. तुझ्या गुळगुळीत भिंतीवर तिला कळायचं नाही आपण कुठवर आलो, म्हणून तू येईपर्यंत खाटेवर बसून राहायची. बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा प्यायची नाही. हे तुला माहीत होतं?

आता तिच्या खोलीपासून बारीक वाळू आहे, बाथरूमच्या दाराशी भुसा, आणि जिन्याच्या अलीकडे जाड वाळू. तिथे हात लागला की ती थांबते. पुठ्ठ्यांवर नमुने केले, तिने बोटांनी चाचपून निवडले. तुला सांगू नको म्हणाली.

सगळी वाळू तुझ्या चाळणीनेच चाळली, तिची जाळी सैल झाली. लपवायला माझ्याच बॅगेत टाकली. नवी पाठवतो.

राग असू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच.
धाकटा

ता. १५ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं तेव्हा रंगारी काम उरकून गेला होता. परवा दुपारी ती बाथरूमकडे निघाली आणि हात कुठेच अडला नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर शेजारणीने तिचा दंड धरला, म्हणून वाचली.

तुम्हा दोघांचाही मला संताप आलाय. माझ्या घरात आई तहानलेली बसते, आणि ते मला सोडून तुला ठाऊक! तिला जाब विचारला तर म्हणते, तू दमून येतेस, तुला आणखी काय सांगायचं. मला रडू आलं. तेही तुझ्यामुळेच, असं समज.

काल वाळू आणून मीच रंगात कालवली, पुठ्ठ्याला फासली. आईने बोट फिरवलं आणि ही नव्हे म्हणाली. दुसऱ्या पुठ्ठ्यालाही तेच. आता पुन्हा खाटेवर बसून आहे. सकाळी भरून ठेवलेला पेला संध्याकाळी तसाच होता.

नवी चाळणी पाठवू नकोस. ती सैल झालेलीच घेऊन लगेच निघ. तिच्यातून पडलेल्या वाळूखेरीज आई दुसरी ओळखत नाही. मी तुझ्याशी बोलणार नाही. रंग मात्र मी कालवीन.

ताई